आयासम म्हणजे थकवा नाही

सोलापुरात नर्सिंग करायचं तर नुसत्या मराठीवर भागत नाही. पूर्व भागातनं तेलुगू बोलणारे येतात, अक्कलकोटकडनं कन्नड, आणि कुठं दुखतंय हे माणूस आपल्या घरच्याच भाषेत सांगतो.

मागच्या थंडीतली नाईट. ऑपरेशनचा दुसरा दिवस असलेली एक अव्वा, म्हणजे तेलुगूत आजी, जन्मभर विड्या वळलेल्या, बोटं अजून तशीच वाकलेली. आधीच्या ड्युटीकडनं ओव्हर घेताना कळलं, पेशंट स्टेबल, जरा थकलीय. अव्वा सारखी ‘आयासम आयासम’ म्हणायची आणि सगळ्यांनी ते आपल्या मराठीतलं आयास धरलेलं. मला तेलुगू फारसं येत नाही, सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "दम लागायलाय म्हणतीय ओ सिस्टर, आडवं पडलं की जास्तच."

चार्टवर श्वास 18. मी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर मोजले, 30 भरले, मोठ्या माणसाचे 12 ते 20 असतात. रक्तातला ऑक्सिजन 90 टक्के, सलाईन चालूच आणि चार तासात लघवी जेमतेम 80 एमएल. उशा लावून बसवलं, ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांना फोन केला, तिथं मी चुकले. "सर, पेशंट बरी वाटत नाहीये." "ऑब्झर्व्ह करा." फोन बंद.

मग एसबीएआर आठवलं, डॉक्टरांना पेशंटची माहिती द्यायची चार पायऱ्यांची पद्धत, आत्ता काय होतंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. परत लावला. सगळे आकडे सांगितले, म्हटलं सर मला वाटतं फुप्फुसात पाणी होतंय, सलाईन थांबवू का, आणि तुम्ही आत्ता येऊन बघा. आवाज थरथरत होता पण बोलले. पाच मिनिटात आले, स्टेथो लावला, सलाईन बंद केलं, लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स सांगितलं, मी डोस परत म्हणून दाखवला आणि मगच दिला. पहाटेपर्यंत युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, भरली.

18 लिहिणारीला मी बोल लावत नाही, अख्ख्या वॉर्डाला दोघी असल्या की एक मिनिट काढणं किती अवघड ते मला माहितीय. पण ते मिनिट अव्वाचं होतं, ते तिला मिळायलाच पाहिजे होतं.

सकाळी सुनेनं सांगितलेले शब्द मी बीपीच्या मशीनवर चिकटवले. आयासम दम, नोप्पी दुखणं, मंट जळजळ. खाली आमच्या मावशींनी कन्नड जोडलं, उब्बस म्हणजे धाप. नोप्पी मी चुकीचं म्हटलं, तर अव्वानं ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला दोनदा म्हणायला लावलं.