हा डोळा बसवणार कधी?

काचबिंदूच्या औषधांसाठी प्रयोगशाळेत डोळ्याची ऊती वाढवते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग हा डोळा माणसाला बसवणार कधी?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते. कधीच नाही.

मुळात तो डोळा नसतोच. पारपटल आणि बुबुळ मिळतात त्या कोपऱ्यात एक बारीक जाळी असते, ट्रॅबेक्युलर मेशवर्क. डोळ्यात मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर पाणी तयार होतं. त्यातलं बरंचसं या जाळीतून बाहेर पडतं. तिथे अडलं की प्रेशर चढतं आणि डोळ्यामागची, मेंदूकडे जाणारी नस खराब होत जाते. आम्ही बनवतो ती एवढीच जाळी, आणि तीही बिघडवायला.

काचबिंदूच्या नेहमीच्या थेंबांपैकी टिमोलॉलने पाणी कमी तयार होतं, लॅटॅनोप्रॉस्ट ते मुख्यतः दुसऱ्या वाटेने काढतं. दुखणं जाळीत, औषध भलतीकडेच! खुद्द जाळीवर काम करणाऱ्या नेटारसुडिलला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. अशी आणखी औषधं शोधायची तर माणसाचीच जाळी हवी; गाय-डुकराच्या डोळ्यातली वाट आपल्यासारखी नसते.

पेशी मिळतात दान केलेल्या डोळ्यांतून. पारपटल रोपणानंतर उरलेल्या कडेवरून चिमट्याने जाळीची पट्टी सोलायची, डिशमध्ये ठेवायची आणि पेशी बाहेर सरकेपर्यंत वाट बघायची. शेजारच्या पेशीही हमखास घुसतात. म्हणून परीक्षा: काही दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायचं. मायोसिलिन हे प्रथिन वाढलं तर पेशी जाळीच्या, नाहीतर सगळं फेकून द्यायचं.

पास झालेल्या पेशी कोलॅजनच्या जेलमध्ये रुजवल्या की पुन्हा स्टेरॉइड. स्टेरॉइडचे थेंब मनाने घालत राहणाऱ्यांच्या डोळ्यात होतं तेच इथे घडवायचं असतं. पेशींतले ॲक्टिन या प्रथिनाचे धागे जाड होतात, जेल ताठरतं, पाणी तुंबतं. प्रेशर चढलं की आम्ही खूश! औषधाची पाळी त्यानंतर.

अडचण आहे ती वयाची. काही आठवड्यांच्या जेलमध्ये साठ वर्षांची झीज कुठून आणणार? आणि नस तर यात नाहीच. त्यासाठी मूळपेशींपासून रेटिनाचे ऑर्गनॉइड, म्हणजे डिशमध्ये वाढवलेले इवलेसे नमुने करतात. पण मेंदूशी जोडणी नसल्याने त्यातल्या नसेच्या पेशी कालांतराने आपोआपच मरतात. मग काचबिंदूने किती मेल्या आणि एरवीच किती, हे वेगळं काढताना जीव मेटाकुटीला येतो.