जेलच्या तळाशी दिसलेली शिडी

परीक्षानळीत आरएनए तयार करण्याचे काम मला सोपे वाटले होते. साच्याचा डीएनए, टी७ या विषाणूचे आरएनए पॉलिमरेज (साच्यावरून आरएनएची साखळी जोडणारे एन्झाइम), चार प्रकारचे न्यूक्लिओटाइड (त्या साखळीची सुटी अक्षरे), मॅग्नेशियम आणि ३७ अंशांवर दोन तास, एवढाच काय तो खटाटोप. प्रत्यक्षात पहिले तीन आठवडे, तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर पूर्ण लांबीच्या आरएनएचा वरचा पट्टा जेमतेम दिसे आणि तळाशी मात्र आखूड तुकड्यांची गर्दी असे.

आरएनए कापणाऱ्या एन्झाइमचा शिरकाव झाला असणार, असे मी गृहीत धरले; नवख्याला हा संशय आधी येतोच. पाणी बदलले, पिपेटची टोके बदलली, हातमोजे तर सारखेच बदलले, तरी पट्टे जागचे हलले नाहीत. मग एकदा ते नीट मोजले. कापाकापी असती तर सर्व लांबींचे तुकडे मिळून लांबट डाग पडला असता. इथे दोन, तीन, चार न्यूक्लिओटाइडांची शिडी होती आणि ती दहा-बाराच्या पुढे एकदम संपत होती. खात्रीसाठी मी जीटीपी, म्हणजे माझ्या आरएनएचे पहिले अक्षर ‘जी’ पुरवणारा न्यूक्लिओटाइड, असा वापरला की त्याच्या तीन फॉस्फेटांपैकी सर्वांत बाहेरच्या, गॅमा फॉस्फेटवर किरणोत्सारी खूण होती. साखळीत जोडला जाताना प्रत्येक न्यूक्लिओटाइड बाहेरची दोन फॉस्फेटे गमावतो, तिन्ही शाबूत राहतात ती फक्त पहिल्यावर. त्यामुळे ज्या तुकड्यावर खूण, त्यात साखळीचा आरंभ असणारच. शिडीची प्रत्येक पायरी फिल्मवर काळी उमटली.

म्हणजे पॉलिमरेजच सुरुवात करून हातचे सोडत होते. प्रमोटरची, म्हणजे डीएनएवरच्या आरंभखुणेची, पकड न सोडता ते पुढचा डीएनए स्वतःकडे ओढत जाते, आणि तेवढ्या काळात साच्याशी जुळलेला आरएनए इतका आखूड असतो की तो निसटतो. मग पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ. दहा-बारा अक्षरे जुळली की एन्झाइमची घडण बदलते, प्रमोटर सुटतो आणि पुढची साखळी सहसा शेवटपर्यंत जाते. जिवाणूंच्या पॉलिमरेजचीही हीच तऱ्हा आहे. २००९ मध्ये असे अर्धवट तुकडे जिवंत जिवाणूंतही दाखवले गेले.

दोष माझ्याच साच्यात होता. आरएनएची सुरुवात मी जनुकाप्रमाणे ‘जीएयू’ अशी ठेवली होती, आणि टी७ पॉलिमरेजला तिथे ‘जीजीजी’ मानवते. साचा नव्याने बनवताना नव्या प्राइमरने, म्हणजे त्यासाठी लागणाऱ्या डीएनएच्या आखूड तुकड्याने, आधी दोन ‘जी’ वाढवले. त्या दिवशी मॅग्नेशियम पायरोफॉस्फेटच्या साक्याने नळी पांढुरकी गढूळ झाली आणि जेलवर वरचा पट्टा ठळक आला. तळाची शिडी फिकट झाली, पण गेली नाही.