पाटीच्या दगडावरची द्राक्षं

घड दिसला की पुढे व्हावं, कात्री लावावी, एवढंच तर काम. पण मोझेल नदीकाठच्या त्या मळ्यात पुढे होणं म्हणजे वर चढणं. जर्मनीतल्या ब्रेम गावामागचा काल्मोंटचा उतार काही ठिकाणी ६० अंशांच्याही पुढे जातो. पहिला तासभर मी द्राक्षं कमी आणि खुंटच जास्त धरले.

खुंट मात्र भरपूर. जुन्या पद्धतीत इथे तारा नसतात, प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खुंट. काड्या वाकवून त्यालाच बांधतात, त्यांचा छान बदाम होतो. तारांची आडकाठी नसल्यानं कुठूनही कुठेही जाता येतं. माझ्या बाबतीत, घसरता येतं.

पायाखाली माती नावालाच. सगळ्या काळसर कपच्या. आपण ज्यावर अ-आ-ई गिरवली, त्या पाटीचाच दगड. पाऊल पडलं की खणखणतात आणि निम्म्या खाली निघून जातात. पूर्वी त्या टोपलीत भरून पुन्हा वर नेत. पाठीवरून! मला आधी हा निव्वळ हट्ट वाटला. मग ऊन कलल्यावर दगडावर तळवा टेकला, तर तो तव्यासारखा उबदार. ५० अक्षांशाजवळच्या थंडीत रीसलिंगसारखं उशिरा पिकणारं द्राक्ष गोडीला येतं, ते याच उबेवर. शिवाय उतारामुळे ऊन थेट अंगावर येतं, खालून नदीचा उजेडही. सपाटीवरच्या वेलींचे इतके लाड कोण करणार?

घड खाली न्यायला एका रुळावरून सरपटणारी छोटी गाडी असते. तिचा मला मनापासून हेवा वाटला.

वर इतका सावकाश चाललेला कारभार खाली येताच घाईवर येतो. पांढऱ्या वाइनसाठी मणी दाबून रस लगेच वेगळा काढायचा, सालं रसात मुरू द्यायची नाहीत. पुढे तळघरात पुन्हा निवांतपणा. १००० लिटरच्या लाकडी पिंपात रस आठवडेच्या आठवडे फसफसत राहतो. गारठ्यानं यीस्ट मधेच थंडावलं, तर थोडी साखर तशीच उरते. पण रीसलिंगचा आंबटपणा असा धारदार की ती गोडी नकोशी होत नाही.

तळघरात आधी भरलेलं एक पिंप बोलत होतं. नळीतून एकेक बुडबुडा, गुब्... गुब्. मी पायरीवर बसून मोजायला लागले. सातव्याला पोटरीत गोळा आला.