तुम्ही विचारलंत म्हणून : आजच्या भाकरीपुरता भरवसा

डायलिसिस युनिटच्या बाहेर एक लांब बाक आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेसहापासून अकरापर्यंत, मी त्या बाकावर असते. आत आमचे हे मशीनला असतात. चार वर्षं झाली. त्या बाकावर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा : "सिस्टर, तुम्ही एवढी प्रार्थना करता, तरी तुमचा देव साहेबांना बरं करत नाही. मग त्याच्यावर भरवसा कसा ठेवता?"

कुणी आडून विचारतं, कुणी तोंडावर. मागच्या महिन्यात एका मुलीनं विचारलं. तिचा नवरा जेमतेम पस्तिशीचा, गळ्यात तात्पुरती नळी घालून त्याचं नुकतंच सुरू केलेलं. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं. मला त्या दिवशी काही सुचलं नाही. म्हणून आता लिहिते आहे, तिच्यासाठी आणि ज्यांनी ज्यांनी विचारलंत त्या सगळ्यांसाठी.

आधी एक सांगून टाकते. मी सत्तावीस वर्षं नर्स होते. रिपोर्टवरचे आकडे वाचून पुढे काय वाढून ठेवलंय ते मला कळतं, आणि ते कळणं काही सुखाचं नाही. ह्यांचा श्वास रात्री जड झाला की मी उठून बसते, पाठीमागे आणखी एक उशी लावते आणि घोट्यावर अंगठा दाबून बघते, सुजेनं खड्डा किती पडतो ते. मला भीती वाटते. भरवसा असला की भीती पळून जाते असं लोक सांगतात, माझ्या अनुभवाला ते कधी आलं नाही. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनंही हा दुःखाचा प्याला टळो म्हणून बापाला, म्हणजे देवाला, विनवलं होतं. लूकच्या शुभवर्तमानात आहे, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. आणि प्याला टळला नाही. ज्याच्या मागे आम्ही चालतो त्याची स्वतःची विनंती मान्य झाली नाही, हे मला त्या बाकावर बसून जितकं उमगलं तितकं आयुष्यभर रविवारची उपासना करूनही उमगलं नव्हतं.

आमचं घराणं नगरचं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1831 साली नगरला आली, त्यानंतर पुढे कधीतरी आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. लहानपणी संध्याकाळी आजी चुलीपुढे भाकऱ्या थापायची आणि आमच्याकडून प्रभूची प्रार्थना म्हणून घ्यायची. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." मला तेव्हा पक्कं वाटायचं की येशू बाजरीचीच भाकरी खात असणार, नाहीतर त्यानं भाकर मागायला शिकवलं असतं कशाला? भाकर हा शब्द तेव्हापासूनच जवळचा. त्या ओळीतला 'आज' मात्र मला साठीत दिसला.

आजची भाकर. महिन्याचा किराणा मागितलेला नाही.

बायबलमधल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्न्याची गोष्ट आहे. मिसरातून सुटलेले लोक रानात उपाशी, आणि पहाटे दव उडून गेल्यावर जमिनीवर काहीतरी बारीक, पांढरं पसरलेलं. "हे काय?" म्हणाले. मान्ना हे नावच मुळी त्या प्रश्नावरून पडलं. प्रत्येकानं डोईला एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, एवढंच गोळा करायचं आणि सकाळपर्यंत शिल्लक ठेवायचं नाही. ज्यांनी ठेवलं त्यांच्या साठ्यात किडे पडले, घाण सुटली. बाकावर बसून हा अध्याय वाचताना मी थबकले, कारण डायलिसिस अगदी असंच आहे. मंगळवारी मशीननं रक्त कितीही स्वच्छ केलं तरी ते पुढच्या महिन्यासाठी साठवता येत नाही. शुक्रवारी परत यावं लागतं. चारशेच्या वर वेळा आम्ही गेलो, आणि एकदाही पुढच्या वेळचं आधी मिळालेलं नाही.

सुरुवातीला मी देवाकडे एकदम सगळं मागत होते. किडनी बरी कर, बदलायची वेळ आली तर जुळणारी मिळू दे, ह्यांना अजून पंधरा वर्षं दे. मागणं चुकीचं नाही, आजही मागते. पण ते मिळेपर्यंत आभार थांबवून ठेवले होते, ते चुकलं. आता रोज सकाळी एकच गोष्ट आधी करते. ह्यांच्या डाव्या हातावर, कोपराच्या वर, फिश्चुला आहे. शस्त्रक्रियेनं धमनी आणि शीर जोडून ती शीर जाड होऊ देतात, सुया तिथेच टोचतात. त्यावर दोन बोटं ठेवली की आत घरघर लागते, मांजर मांडीवर येऊन बसलं की कशी लागते, तशी. आमच्या भाषेत थ्रिल. ती थांबली तर आत गुठळी झाली, काही तासांत धावावं लागतं. पाच वाजता हे अजून झोपेत असतात. मी अंधारात बोटं ठेवते. घरघर लागली की म्हणते, "बापा, आजचं मिळालं." माझी सकाळची प्रार्थना बऱ्याचदा एवढीच होते.

तुमच्यातल्या काहींचा दुसरा प्रश्न याला लागूनच असतो. देवावर एवढा भरवसा, तर मशीन कशाला, गोळ्या कशाला, विम्याचे हप्ते कशाला? दोन वर्षांपूर्वी एका सभेतून घरी आलेल्या एका भावांनी ह्यांच्यासमोर मला सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडतोय, डायलिसिस बंद करून प्रार्थनेला या, बरे होतील. त्यांना चहा दिला आणि सांगितलं, भाऊ, सैतानानं येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन हेच सांगितलं होतं, की खाली उडी टाक, देवदूत झेलतील. आणि येशू म्हणाला होता, देवाची परीक्षा पाहू नको. नर्स म्हणून सांगते, किडनी पूर्ण गेलेल्या माणसाचं डायलिसिस बंद केलं तर थोड्याच दिवसांत काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय. कुणाच्या नवऱ्याला कुणी असं सांगत असेल तर कृपा करून ऐकू नका. ह्या एका बाबतीत मी मऊ बोलू शकत नाही.

मान्न्याच्या त्याच अध्यायात पुढे आहे की सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा, कारण सातवा विसाव्याचा. ते साठवलेलं मात्र नासलं नाही. म्हणजे साठवणं हे पाप नव्हे. कधी साठवायचं ते सांगणाऱ्याचं ऐकायचं, आणि साठवलेल्यालाच देव मानायचं नाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंकडे बघा (आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं). आई-वडील आणि बहीण दुष्काळानं नेलेली ही बाई. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या, सांभाळल्या. त्यांचं मुक्ती मिशन प्रार्थनेवर चालायचं हे आमच्या चर्चच्या मंडळीत प्रत्येक जण सांगतो. पण रमाबाईंनी विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना घातला आणि मुलींच्या हाताला कामं शिकवली, हेही सांगायला हवं. 1921 साली त्यांची एकुलती एक लेक, मनोरमा, त्यांच्याआधी गेली. त्याही दुःखात त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, 5 एप्रिल 1922 ला स्वतः जाईपर्यंत. कुणी म्हणेल का, त्यांचा विश्वास कमी पडला म्हणून मुलगी गेली?

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली, 'देवाचा दरबार' या आपल्या मंडळाचं काम हाती घेतलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. रविवारी पेटी-तबल्यावर त्यांचं भजन सुरू झालं की डोळे भरून येतात. पण ती हाक त्यांना आली होती. माझ्या पेन्शनमधून ह्यांची हिमोग्लोबिनची इंजेक्शनं येतात, आणि मी तीही देवाच्या हातूनच घेते.

आता शिष्यपणाचं, म्हणजे येशूच्या मागे चालण्याचं. भरवसा एक वेळ सोपा म्हणायचा, तो देवाशी असतो. अवघड होतं ते माणसांशी.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. ह्यांना दिवसाला एक लिटरच्या आत पाणी, त्यात चहा, आमटी सगळं आलं. नगरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मी बर्फाचे खडे मोजून देत होते. शुक्रवारी काट्यावर उभे राहिले तर चार किलो वाढलेले. रात्री उठून माठातलं पाणी प्यायले होते, आणि मी विचारलं तेव्हा नाही म्हणाले होते. परत येताना रिक्षात मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला मरायचंच असेल तर माझी तरी चार वर्षं कशाला फुकट घालवलीत?" ते काही बोलले नाहीत. बाहेर बघत बसले.

त्या रात्री प्रार्थनेला बसले तर शब्द फुटेना. "आमच्या ऋणांची आम्हांला सूट दे" इथे येऊन अडले, कारण त्यालाच जोडलेली ओळ आहे, जशी आम्ही आपल्या ऋण्यांना दिली आहे. तहानलेल्या माणसानं घोटभर पाणी प्यायलं हे ऋण मी सोडायला तयार नव्हते. सत्तावीस वर्षं परक्या पेशंटना मी कधी असं बोलले नाही. मध्यरात्र उलटल्यावर उठून त्यांच्या खाटेपाशी गेले, म्हटलं, "माझं चुकलं. मला क्षमा करा." जागेच होते. म्हणाले, "तहान लागली की मी माणूस राहत नाही गं." मग फ्रिजमधून एक खडा काढून दिला. दोघंही अंधारात बसलो, तो विरघळेपर्यंत.

आणि दिरांचं. गावाकडच्या घराच्या भिंतीवरून आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या मरणाची आठवण म्हणून प्रत्येक जण भाकरीचा तुकडा घेतो. भाकरीचे तुकडे असलेलं ताट रांगेतून पुढे येत होतं, आणि मला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आठवला, वेदीजवळ आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी ताट तसंच पुढे दिलं. शेजारच्या बाईनं चमकून पाहिलं. घरी येऊन फोन लावला. "वहिनी, सलाम," एवढं म्हणून ते गप्प. मीही गप्प. मग दोघंही रडलो. भिंतीचा निकाल अजून लागलेला नाही, आणि ती कुणाची याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण महिन्यातून एका शुक्रवारी ते नेवाशाहून पहाटेच्या एसटीनं येतात आणि बाकावर माझ्या जागी बसतात.

बरं का करत नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. येशूचा प्रेषित पौल, त्यानं शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, तेव्हा मिळालं ते उत्तर, "माझी कृपा तुला पुरे आहे." पुरे हा शब्द मला आधी तोकडा वाटायचा, ताटात कमी वाढल्यासारखा. आता वाटत नाही.

परवा ती मुलगी परत भेटली. नवऱ्याच्या हाताचं फिश्चुलाचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी नुकतीच निघालेली. रोज तपासायला सांगितलंय, पण तिला हात लावायचीच भीती वाटत होती. मी तिची दोन बोटं धरून टाक्यांच्या जरा वर, अलगद ठेवली.

"लागतंय काही?"

ती श्वास रोखून होती. मग म्हणाली, "हो. घरघर लागतेय." आणि लगेच, "काकू, उद्याही लागेल ना?"

"उद्या सकाळी उठलीस की परत बोटं ठेव," मी म्हटलं. तिनं मान हलवली, पण बोटं मात्र काढली नाहीत.