ओली गादी आणि जुन्या बोटीचे डेक

बोट ताब्यात आली त्या आठवड्यात मी सर्वांत आधी जे काम केले, ते सांगताना आज थोडा संकोच वाटतो: मी तिला बाहेरून पॉलिश केले. १९८४ साली बांधलेली, नऊ मीटर लांबीची ती फायबरग्लासची शिडाची बोट उन्हात पुन्हा चकाकू लागली, आणि त्याच समाधानात केबिनमध्ये उतरलो तर डाव्या बाजूच्या बाकावरची गादी हाताला ओली लागली. ओले झालेले हाताचे बोट जिभेला लावून पाहिले. पाणी गोडे होते. खारे असते तर शोध पाण्याखालच्या भागात घ्यावा लागला असता. गोडे पाणी म्हणजे बहुतेक वेळा पावसाचे, आणि ते वरूनच येते.

तोवर माझी समजूत अशी होती की बोटीला धोका असतो तो खालून. या वयाच्या अनेक बोटींचे डेक एकसंध नसते. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकडाचे ठोकळे, तंतू उभे राहतील अशा रीतीने बसवलेले असतात, त्यामुळे डेक हलके असूनही ताठ राहते. ही रचना उत्तम आहे, पण लाकूड कोरडे असेपर्यंतच. कठड्याचे खांब, दोर अडकवायच्या खुंट्या, दोर ताणायचे विंच अशा प्रत्येक वस्तूसाठी डेकला आरपार भोके पाडलेली असतात, आणि त्यांतून येणारे पाणी अडवते ती केवळ सीलंटची, म्हणजे फट बुजवणाऱ्या लवचीक लेपाची, एक पातळ रेघ. ती वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक होते, चढताउतरता माणसे कठड्याला रेलतात तेव्हा खांब किंचित हलतो, रेघ फाटते आणि पाणी आत शिरते. केबिनमध्ये थेंब दिसण्याच्या कितीतरी आधीपासून लाकूड ते पीत असते.

एक पूर्ण दुपार मी स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेक ठोकत बसलो. निरोगी भागातून खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या भागातून बद्द. बद्द आवाजाच्या कडेने खडूने रेघ ओढत गेलो, तेव्हा डाव्या बाजूला सुमारे दोन हात लांबीचा एक वेडावाकडा नकाशा तयार झाला आणि डोलकाठीला बाजूने ताणून धरणारी तार जिथे बांधलेली असते, तो बिंदू नेमका त्याच्या मध्यभागी आला.

वरचा थर कापून उचलला तर आतले बाल्सा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे हाताने निघाले. ते सगळे खरवडून, उरलेला भाग अनेक दिवस झाकून वाळवला आणि नवे बाल्सा इपॉक्सीत, म्हणजे दोन घटक कालवल्यावर कडक होणाऱ्या राळेत, ती दाट करून बसवले. कापलेला थर परत ठेवल्यावर जोडाच्या दोन्ही कडा थराच्या जाडीच्या बारापट रुंदीपर्यंत उतरत्या घासून, त्यांवर काचेच्या कापडाचे थर चढवले. घाईत मी एकदा अरुंद डब्यात भरपूर इपॉक्सी एकत्र कालवले; त्यातून निघणारी उष्णता बाहेर पडायला वाव न मिळाल्याने ते काही मिनिटांतच धुमसू लागले आणि डबा तसाच दूर ठेवून द्यावा लागला. त्यानंतर थोडे थोडे कालवून पसरट भांड्यात ओतायची सवय लागली. इपॉक्सी उन्हातील अतिनील किरणांपुढे टिकत नाही, म्हणून त्यावर रंग लागतोच. भोकेही जुनीच वापरली नाहीत. ती मोठी करून इपॉक्सीने भरली आणि त्या भरावात नवी पाडली, म्हणजे पुढे कधी सीलंट फाटले तरी पाण्याची गाठ लाकडाशी पडणार नाही.

तारेचा भार पेलणारी स्टेनलेस स्टीलची पट्टी उपसून काढायची मला इच्छा नव्हती, कारण डेकच्या वर आणि खाली ती अगदी लखलखीत दिसत होती. परंतु स्टेनलेस स्टीलचे रक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा टिकायला ऑक्सिजन लागतो, आणि ओल्या लाकडाने वेढलेल्या, हवा न पोहोचणाऱ्या फटीत तो मिळत नाही. पट्टी बाहेर आली तेव्हा नेमक्या डेकच्या जाडीएवढ्या भागात तपकिरी डाग होते आणि त्यांत केसासारखी एक चीर. एखाद्या जोराच्या वाऱ्यात ती तुटली असती, तर डोलकाठीही उभी राहिली नसती. उजव्या बाजूच्या पट्टीला चीर नव्हती, तरीही मी दोन्ही बदलल्या.

बाकीची कामे त्यामानाने सरळ होती. तळाशी असलेल्या झडपांपैकी एक पितळेची निघाली; खाऱ्या पाण्यात पितळातील जस्त निघून जाते आणि धातू गुलाबीसर, ठिसूळ होतो. ती काढून ब्राँझची बसवली आणि झडप निकामी झाली तर भोक बुजवता यावे म्हणून प्रत्येक झडपेशेजारी लाकडी निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवली. इंजिनच्या पाण्याच्या पंपातील रबरी चक्र बदलले. शिडांचे कापड ठीक होते, शिवण मात्र उन्हाने गेली होती. ती नव्याने घालून घेतली. पॉलिश पुन्हा केलेले नाही.

पहिल्या मोठ्या पावसाच्या आदल्या रात्री डेकवरच्या प्रत्येक वस्तूखाली, केबिनच्या छताला टिश्यू कागदाचे तुकडे चिकटवून ठेवले होते. सकाळी ते एकेक काढून पाहिले. नव्या पट्ट्यांखालचे कोरडे होते, खांबांखालचेही. पुढच्या खिडकीखालचा एक तुकडा मात्र चिंब भिजला होता, त्यामुळे आता तिची चौकट उतरवली आहे.