मुंबईतल्या जुन्या हॉटेलात खोली घेताना

‘ताज’मध्ये राहायचं म्हणून लोक बुकिंग करतात आणि खोली मिळते टॉवरमध्ये. १९०३ साली उघडलेली, घुमटाची मूळ इमारत म्हणजे पॅलेस विंग. टॉवर १९७०च्या दशकातला. टॉवर तुलनेनं स्वस्त, नजारा छान, पण कोरीव जिना आणि जुने व्हरांडे पॅलेसमध्येच. तेव्हा बुकिंगच्या पावतीवर विंगचं नाव लिहिलेलं आहे ना, ते बघा. (गेटवे ऑफ इंडिया १९२४चा, म्हणजे हॉटेल त्याच्याहून थोरलं!)

बजेट कमी असेल तर मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको (१९३०च्या सुमाराची, गोलसर कोपऱ्यांची बांधणीची शैली) इमारतींमधली हॉटेलं बघा. २०१८पासून हा परिसर जागतिक वारशात आहे. इथे समुद्राकडची खोली पावसाळ्यात घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. लाकडी खिडक्या दमटपणाने फुगतात, नीट लागत नाहीत, मग फटीतून पाणी येतं आणि गादीला कुबट वास. शिवाय रात्रभर गाड्यांचा आवाज. हलकी झोप असेल तर मागची खोली मागा. लिफ्ट किती माणसांची, हेही आधी फोनवर विचारा. आजी-आजोबा सोबत असतील तर नक्कीच.

दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा.