मॅडम, तुम्ही ख्रिस्ती ना? मग उत्क्रांती कशी शिकवता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. जालना जिल्ह्यातल्या शाळेत मी तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं. दहावीला उत्क्रांतीचा धडा आला की स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारायचंच, ‘मॅडम, तुमच्या बायबलात देवानं सहा दिवसांत जग केलं ना? मग हे मुलांना मनापासून शिकवता, की पगारासाठी?’ रविवारी उपासना सुटल्यावर तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं यायचा. मंडळीतले एक वडीलजन एकदा अगदी कळवळून म्हणाले, ‘बाई, लेकरांना माकडाची औलाद म्हणून सांगता. प्रभूपुढं काय उत्तर द्याल?’ तेव्हा दोघांनाही मी घाईघाईत काहीतरी बोलले. आता निवृत्त झालेय, नीट सांगते.

विहिरीपासून सांगावं लागेल. बहात्तरच्या दुष्काळात वडिलांनी शेतातली विहीर खोल करायला घेतली. मी नऊ वर्षांची होते. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. सुरुंगाशिवाय तो हलायचा नाही. असा दोन परस पाषाण फोडल्यावर वीतभर जाडीचा तांबडा थर लागला. बोटानं खरवडला तर विटेच्या भुकटीसारखा सुटायचा. त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाण. काठावर बसून मी विचारलं, ‘बाबा, दगडाच्या खाली माती कशी गेली?’ बाबा म्हणाले, ‘मला न्हाई ठावं, माय. तू शीक अन् मला सांग.’

औरंगाबादला बी.एस्सी. करताना ते कळलं. आपला सगळा मराठवाडा लाव्हाच्या थरांवर बसलाय. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, पुन्हा वाहिला. अजिंठा-वेरूळची लेणी त्याच खडकात कोरलेली आहेत. दोन लाव्हांच्या मध्ये बराच काळ गेला, तर वरचा खडक ऊन-पावसानं कुजून त्याची माती होते. त्या मातीवर पुढचा लाव्हा आला की ती भाजून निघते. आमच्या विहिरीतला तांबडा थर म्हणजे एकेकाळची उघडी जमीन होती. खडकाची वीतभर माती व्हायलाच हजारो वर्षं लागतात, आणि असे थर एकाखाली एक किती तरी आहेत. हे मी हातानं खरवडून पाहिलंय. काही ख्रिस्ती माणसं जगाचं वय सहा हजार वर्षं धरतात. हे सगळं तेवढ्यात बसवून दाखवायचं तर मला खोटं बोलावं लागेल, आणि खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञाही त्याच पवित्र शास्त्रात आहे.

हा सहा हजारांचा आकडा बायबलात कुठेही लिहिलेला नाही. आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 साली वंशावळ्यांतली वयं आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून जगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व 4004 मध्ये ठरवला. पुढे इंग्रजी बायबलांच्या समासात तो आकडा छापला गेला आणि लोकांना तो वचनासारखाच वाटू लागला. त्याच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, संत ऑगस्टीनला प्रश्न पडला होता की सूर्य जर चौथ्या दिवशी झाला, तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कसली? हे दिवस आपल्या दिवसांसारखे नसावेत, असं त्यानं लिहिलं. ख्रिस्ती माणसं निसर्गाबद्दल भलतंच बोलायला लागली तर ऐकणारे आपल्या शास्त्रातलं बाकीचंही खरं मानणार नाहीत, असंही त्यानं बजावलं. डार्विनच्या जन्माआधी चौदाशे वर्षं! डार्विनचं पुस्तक 1859 मध्ये आलं, तेव्हा अमेरिकेत त्याची बाजू मांडणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे देवभीरू प्रेस्बिटेरियन होता. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्यांवर शोधणारा मेंडेल तर मठातला संन्यासी. हे मी आमच्या तरुण संघात सांगितलं, तेव्हा पोरांना फार नवल वाटलं. मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओंनी त्यांना शिकवलं होतं की उत्क्रांती मानणारा ख्रिस्ती असूच शकत नाही.

मग बायबलातलं पहिलं, उत्पत्तीचं पुस्तक माझ्यासाठी काय आहे? त्यासाठी माझ्या आजीबद्दल सांगायला हवं. आजीचं घर गावकुसाबाहेर. गावच्या विहिरीवर ती दूर उभी राहायची, कुणीतरी वरून घागरीत पाणी ओतायचं. तिला अक्षर येत नव्हतं. मिशनच्या बायबलबाईनं तिला उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचून दाखवला, आणि त्यातली एकच गोष्ट तिनं जन्मभर धरून ठेवली, की देवानं माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला. दुसऱ्या अध्यायात देव भूमीतल्या मातीचा माणूस घडवतो. इब्री म्हणजे हिब्रू भाषेत भूमीला ‘अदामा’ म्हणतात, त्यावरूनच आदाम. आजी म्हणायची, ‘पाटलाची माती येगळी न्हाई अन् आपली येगळी न्हाई.’ दिवस किती लागले, हे तिनं कधी विचारल्याचं मला आठवत नाही. आणि विज्ञानही तिच्याच बाजूचं निघालं. आज पृथ्वीवर असलेली सगळी माणसं एकाच जातीची, आफ्रिकेतून पसरलेल्या एकाच कुळातली. हा भाग शिकवताना वर्गात माझा आवाज दाटायचा.

वर्गात उत्क्रांती समजवायला मला परदेशातली पाखरं लागली नाहीत. आपली कपाशी होती. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून जनुक घातलेलं बीटी बियाणं 2002 मध्ये आलं, 2006 मध्ये तसल्या दोन जनुकांचं आलं. बोंडअळी खायला लागली की मरायची. पण लाखो अळ्यांत एखाददुसरी अशी असते, की जन्मतःच तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ती जगली, तिची पिलावळ वाढली. म्हणून तर पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची. ते कडेनं लावा, म्हणजे तिथं साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग ह्या चिवट पतंगांशी जुळतील आणि चिवटपणा पातळ होईल. बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली. वर फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही तीच कपाशी शेतात राखली, मग अळीला खायला बारमाही. 2017 च्या हंगामात वर्गातल्या मुलांच्या घरची अर्धीअधिक बोंडं किडकी निघाली. मुलं डोमकळ्या आणायची. गुलाबासारखं मिटलेलं फूल, उघडलं की आत गुलाबी बोंडअळी. मी म्हणायचे, निवड कशी होते ते तुमच्या हातात आहे, बघा.

एका वर्षी एक हुशार पोरगा उठला. ‘मॅडम, अळी अळीच राहिली की. तिचं दुसरं काही झालं नाही.’ बरोबर होतं त्याचं. मी म्हणाले, हे पंधरा वर्षांत झालं. आता आमच्या विहिरीतला काळ धर. आणि आपल्या अंगातल्या खुणा बघ. चिंपांझीत गुणसूत्रांच्या 24 जोड्या, आपल्यात 23. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं जोडून झालेलं आहे, सांध्याची खूण अजून तिथं दिसते. माणूस आजच्या माकडापासून झाला असं कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. दोघांचे पूर्वज एक होते, एवढंच. वडीलजनांनाही मी हेच सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. ती मी मनापासून घेतली.

मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मला कुणी विचारत नाही. बायबलात प्रेषित पौल रोमकरांस लिहितो की आदामाच्या पापानं मरण जगात आलं. आणि खडकातले जीवाश्म सांगतात की माणूस येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून जीव मरत होते, एकमेकांना खात होते. प्रेमळ पित्यानं हीच वाट का निवडली? काही जण म्हणतात, पौल आत्म्याच्या मरणाबद्दल बोलतोय. त्यानं माझं अर्धंच समाधान होतं. उरलेलं अर्धं घेऊन मी क्रुसाकडे बघते. तिथं देव स्वतः त्या मरणात उतरलेला दिसतो. उत्तर म्हणून हे पुरतं का, ते मला सांगता येणार नाही. मी त्याला धरून आहे.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना विहिरीवर नेलं आणि तो तांबडा थर दाखवून सगळं सांगितलं. लाव्हा, माती, कोटी वर्षं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. बराच वेळ खाली वाकून बघत राहिले. मग विचारलं, ‘माय, एवढा येळ देव कुणासंगं बोलत आसंल गं?’